सोडाच होता, साहेब

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सकाळी चहाबरोबर असते, आणि बायको म्हणते की जुनं उगाळू नका. खून, दरोडे, पळवापळवी सगळं पाहून झालंय, त्यातलं बरंचसं विसरलोही. ही केस मात्र विसरता येत नाही. यात शस्त्र म्हणून दाखवता येईल असं काही नव्हतं. एका माणसाने एक शब्द अर्धा सांगितला आणि दुसऱ्याचा डोळा गेला, एवढीच हकिकत आहे.

तेव्हा माझी नेमणूक ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. रविवार होता. सकाळी एक फोन आला. आवाज पुरुषाचा, नाव सांगायला तयार नाही. म्हणाला, गावठाणात अमुक घराच्या मागच्या पडवीत दारूचं पिंप आणून ठेवलंय, घरी दारू करतात, तुम्ही काय झोपलात का? ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दारूबंदीच्या कामांच्या ट्रेमध्ये कागद टाकला. शेजारच्या ट्रेमध्ये आदल्या संध्याकाळी रुग्णालयातून आलेली खबर पडली होती: डोळ्यात सोडा उडून इजा, अपघात. दोन्हीवर पत्ता एकच होता. दोन ट्रेमध्ये हातभर अंतर, पण वाचायला कोणाला वेळ नव्हता.

मी ते कागद शेजारी शेजारी ठेवले तसा आमचा एक जुना हवालदार म्हणाला, "साहेब, दारू गाळताना उडालं असणार काहीतरी. करावं तसं भरावं. अपघात म्हणून बंद करू या."

"डोळा तुझ्या भावाचा असता तर असंच म्हणाला असतास का?" मी विचारलं. आमच्या खात्याला ही वाईट खोड आहे. ज्याच्या हातून लहानसा कायदा मोडला, त्याच्यावर झालेला मोठा अन्याय आम्हाला दिसेनासा होतो. ज्यांना माणसं फसवायची असतात ते ही खोड आमच्यापेक्षा चांगली ओळखून असतात.

रुग्णालयात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला नेलं. म्हणाल्या, "साध्या सोड्याने डोळा असा पांढराफटक पडत नाही. मी कागदाच्या पट्टीने तपासलं. हे जबरदस्त दाहक आहे. आणि हे लोक फार उशिरा आले. ताबडतोब नळाखाली धरून भरपूर पाण्याने धूत राहिले असते, तर कदाचित आज वेगळं बोलले असते मी."

आत खाटेवर साठीचे एक गृहस्थ पडले होते. इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. पूर्वजांची शेती आणि मिठागर, यांचा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला पट्टी. शेजारी त्यांची बायको, हातात जपमाळ. मी विचारण्याआधीच ती बाई घाईघाईने म्हणाली, "बाथरूम धुताना उडालं, साहेब. बाकी काय नाय."

मी म्हटलं, "बाई, मला पिंपाचं माहीत आहे. दारूचं काय ते नंतर बघू. आधी डोळ्याचं सांगा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी उसासा टाकला आणि म्हणाले, "सांग गं. लपवून डोला थोडाच परत येनार हाय."

मग सगळं बाहेर आलं. महिन्याभरावर त्यांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या रात्री बँड लावून विहिरीवरून विधीचं उंबराचं पाणी आणतात, सगळी आळी जमते. द्राक्षाची वाइन ते दरवर्षी घरी करत. या वेळी त्यांनी बिअर करायचं मनात घेतलं होतं. घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांचे फोनवर ग्रुप असतात, त्यातून शिकले. बिअर झाली की ती भरायला केग लागतो. केग म्हणजे स्टीलचं उभं, बंद पिंप. आत गॅसचा दाब ठेवतात आणि तोटी लावली की फेसाळती बिअर पेल्यात येते. नवा केग परवडत नाही म्हणून हौशी लोक थंड पेयांच्या कंपन्यांनी काढून टाकलेले जुने केग शोधतात. त्यांना बोलीत सोड्याचे केग म्हणतात. त्याच ग्रुपवर शीळफाट्याच्या एका जुन्या स्टीलच्या व्यापाऱ्याने फोटो टाकले होते.

"मी काय डोले मिटून नाय घेतला, साहेब," ते म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "वेल्डिंग बघितली, बूड बघितलं, रबर बघितलं. आत दाब होता म्हनून झाकन उघडलं नाय. तो बोलला, दाब हाय म्हंजे लीक नाय, एक नंबर माल. ते खरंच हाय. जुन्या केगात दाब टिकलेला असंल तर तो चांगला, असं सगलेच सांगतात. मग मी इचारलं, यात आदी काय होतं? बोलला, सोडा."

"सोडाच म्हणाला?"

"सोडा. मना वाटलं, सोड्याचा केग, तर सोडाच असनार. लिंबू-सोडा पितो तो."

माल घेऊन व्यापाऱ्याचा माणूस खोपटच्या एसटी डेपोजवळ आला, तिथून यांनी रिक्षाने केग घरी नेला. शनिवारी दुपारी पडवीत बसून आतला दाब सोडायला घेतला. केगच्या माथ्यावर दोन तोंडं असतात, एक गॅसचं आणि एक पेयाचं, दिसायला भावाभावांसारखी. यांनी स्क्रू-ड्रायव्हरने पिन दाबली ती पेयाच्या तोंडाची. आतलं पाणी पिचकारीसारखं उजव्या डोळ्यात गेलं. त्यात खरोखर प्यायचा सोडा असता तर शर्ट भिजला असता आणि बायको हसली असती.

आता खरी गोष्ट ऐका. आग आग होत असताना बाईंनी त्या व्यापाऱ्याला फोन केला. हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला. विचारलं, तुमच्या पिंपातलं यांच्या डोळ्यात उडालंय, काय होतं त्यात? तो म्हणाला, "सोडाच आहे ओ बाई. जरा पाण्याचा हात फिरवा, काय नाय होत. झोपू द्या त्यांना." आणि फोन बंद.

बाईंनी पाण्याचा हात फिरवला. मग गुलाबपाण्याचे थेंब घातले, वर ओला रुमाल ठेवला आणि नवऱ्याला पलंगावर झोपवलं. सोडाच तो, गॅसने झोंबत असेल, उतरेल. संध्याकाळ होत आली तरी उतरेना, तेव्हा रिक्षात घालून आणलं. हे सांगताना ती माउली रडली नाही. फक्त म्हणाली, "मी पुन्यांदा इचारलं असतं तर?" मी तिला सांगितलं, बाई, तुम्ही विचारलं होतं. उत्तर द्यायचं काम दुसऱ्याचं होतं.

पंच घेऊन घरी गेलो. केग पडवीत तसाच होता. तोंडाभोवती पांढरी खपली धरली होती, खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर डाग पडला होता. पंचनामा केला, नमुना काढला, लाखेची मोहोर लावली आणि प्रयोगशाळेकडे पाठवला. केगच्या मागच्या बाजूला स्टिकर खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. ब्लेडने, घाईने. त्या खुणांचा फोटोग्राफरकडून स्वतंत्र फोटो काढून घेतला.

पुढे अहवाल आला: कॉस्टिक सोडा. बारमध्ये बिअरच्या नळ्या साफ करायला तो पाण्यात कालवून अशाच केगात भरतात आणि दाबाने नळ्यांतून सोडतात. कुठला तरी बार बंद पडला होता, त्याचं सामान भंगारात निघालं होतं, आणि त्यातच हे सफाईचे केग होते.

पण व्यापाऱ्याला हे माहीत होतं हे सिद्ध कसं करायचं? फोन त्याला गेला होता हे फोन कंपनीकडून आलेल्या नोंदींवरून कळत होतं. फोनवर काय बोललं गेलं ते कोण सांगणार? बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार, असं वकील म्हणणार. मग मला आठवला तो नाव न सांगणारा फोनवाला. ज्या नंबरवरून दारूची खबर आली तो काढला. माणूस भिंतीला भिंत लागून राहणारा निघाला. पडवी सामायिक, मध्ये फक्त पत्रा.

त्याला बोलावलं. आधी म्हणाला, मी फोन केलाच नाही. मग म्हणाला, केला, पण मला मध्ये घेऊ नका, रोजचा शेजार आहे.

"शनिवारी दुपारी घरी होतास?"

"होतो."

"स्पीकरवरचं ऐकलंस?"

तो चप्पल पायातून काढत-घालत राहिला. "ऐकलं... थोडंसं. पण साहेब, कोर्टाबिर्टात मी नाही हां येणार."

माझा तोल गेला, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही. "अरे, पिंपाची खबर द्यायला तुझं बोट बरोबर नंबरावर गेलं! शेजाऱ्याचा डोळा जळताना पत्र्याआडून ऐकलंस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दारूची तक्रार केलीस? त्याला रिक्षा तरी आणून दिलीस का?"

मग त्याने जबाब दिला, शब्दाला शब्द. बाईंचं बोलणं आणि त्याचं ऐकलेलं तंतोतंत जुळलं. चाळीस घरांच्या वस्तीत चाडी करणारा एक असतोच. साक्ष द्यायची वेळ आली की तोच घराला कुलूप लावून गावाला जातो. हा गेला नाही, एवढं श्रेय त्याला देतो.

शीळफाट्याला जायचं म्हणजे दुसऱ्याची हद्द. तिथल्या ठाण्यात नोंद केली, त्यांचा एक अंमलदार सोबत घेतला. व्यापारी दुकानातच होता. पन्नाशीचा, शर्ट कडक इस्त्रीचा, कपाळाला गंध. मागे पत्र्याच्या शेडमध्ये हॉटेलांची भांडी, शेगड्या, स्टीलची टेबलं. पोलीस पाहून घाबरणं तर सोडाच, त्याने चहा सांगितला.

"माणूस भेटला का, साहेब? बरा आहे ना?" वर हसून हळूच म्हणाला, "तसं ते लोक तक्रार करणार नाहीत म्हणा. घरी दारू करतो असं कोण लिहून देईल?"

हे वाक्य ऐकलं आणि त्याचा सगळा हिशेब माझ्या लक्षात आला. गिऱ्हाईक स्वतःच कायद्याला भिऊन असलेलं, म्हणजे त्याला काहीही विका. चहा तसाच ठेवून त्याला गाडीत घातलं.

चौकशीच्या खोलीत तो तीन शब्दांवर अडून बसला. "सोडाच होता, साहेब." मी विचारलं, फोन आला होता? आधी म्हणाला, नाही. नोंदी दाखवल्या, तेव्हा म्हणाला, "हां, आला असेल. मी सोडा म्हटलं. मग? खायचा सोडा पण सोडा, धुवायचा पण सोडा, प्यायचा पण सोडा. कॉस्टिक पण सोडाच ना? मी खोटं काय बोललो ते सांगा. मला काय माहीत त्यात कुठला होता? मी भंगारवाला माणूस."

खोटं बोलणारा माणूस मला आवडत नाही, पण त्याच्याशी कसं वागायचं ते कळतं. त्याला चार वेगवेगळ्या प्रश्नांत घोळवा, पाचव्याला त्याचा पाय घसरतो. हा एकच खरा शब्द छातीशी धरून बसला होता. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच.

मग मी ओळखीच्या एका हॉटेलवाल्याकडून तसाच एक केग मागवला. मुद्देमालाचा केग सीलबंद होता, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. या केगात ठाण्याच्या माठातलं पाणी भरलं, झाकण लावलं आणि तो उचलून टेबलावर व्यापाऱ्याच्या पुढ्यात ठेवला. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर.

"सोडाच आहे," मी म्हटलं. "दाब ती पिन."

त्याने खुर्ची मागे सरकवली.

"दाब की. तुझाच शब्द आहे. पाण्याचा हात फिरवला की काय होत नाही म्हणालास ना बाईला?"

"हातमोजे द्या आधी," तो म्हणाला. मग घाईने, "चष्मा पण. डोळ्यांचा चष्मा द्या, तसं नाही करत ते."

हवालदाराचं लेखणी धरलेलं बोट थांबलं. बोलून झाल्यावर व्यापाऱ्याला स्वतःलाच ऐकू आलं असावं. त्याने तळहाताने तोंड झाकलं.

मी झाकण उघडलं, पेला भरला आणि त्याच्यासमोर पाणी प्यायलो. "आता सांग, असे किती विकलेस?"

"एकच अजून," तो म्हणाला. त्याच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं. "आंबिवलीला. त्याच बारमधला. स्टिकर मीच काढले, साहेब. स्टिकर असला की कोण घेतो?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, हे प्रत्येक वकिलाला आणि बहुतेक गुन्हेगारांना ठाऊक असतं. पण त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू मिळाली तर तेवढा भाग उभा राहतो. मला मात्र त्या क्षणी कोर्ट सुचत नव्हतं. आंबिवलीला कोणाच्या तरी घरात तो केग होता, आणि घेणाऱ्याने विचारलं असणार, यात आधी काय होतं? नंबर घेतला, फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. तिथल्या ठाण्याला कळवलं, पंच आणि आरोपी गाडीत घेतले आणि निघालो. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी व्यापाऱ्याकडे बघत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता.

नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक तरुण नोकरदार राहत होता. दार बायकोने उघडलं. पोलीस पाहून ती नवऱ्यावरच ओरडली, "तरी सांगत होते, भंगार घरात आणू नकोस म्हणून! अरे बाहेर ये!" तो अंघोळीला गेला होता, म्हणून फोन उचलत नव्हता. केग बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभा होता. झाकण लागलेला, पिनांना हात न लागलेला. झाकणाची रबरी रिंग जुनी होती, नवी त्याने मागवली होती आणि ती आल्यावर दाब सोडून एकदमच उघडू म्हणून थांबला होता.

मी विचारलं, "घेताना काही विचारलं होतंत?"

"हो ना. यात काय होतं म्हणून विचारलं," तो टॉवेलने डोकं पुसत म्हणाला. "सोडा म्हणाले." मग मागे उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला ओळखून तो हसला. "अरे, तुम्ही! काय झालं? चोरीचा माल होता का?"

मी त्या मुलाला सगळं सांगितलं. त्याची बायको आत गेली आणि त्यांच्या छोट्या पोरीला कडेवर घेऊन आली. ती बाल्कनीच्या दाराशीच उभी राहिली, केगकडे जाईना. पंचनामा होईपर्यंत ती तशीच उभी होती.

रुग्णालयातल्या गृहस्थांचा डावा डोळा वाचला, उजवा गेला. मुलीचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. मला मात्र एक काम करावं लागलं, जे करताना लाज वाटली. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, पडवीत बिअरची तयारी सापडली होती आणि पंचनाम्यात ती आलेली होती. वगळता आली नसती, आणि वगळली असती तर बचावाच्या वकिलाने त्याच फटीतून सगळी केस पाडली असती. मी त्यांच्या घरी जाऊन तसं सांगितलं.

ते म्हणाले, "लिवा, साहेब. बिअर केली ती केलीच."

ती केस पहिल्याच तारखेला संपली. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे? ते म्हणाले, आहे. शिक्षा झाली, दंड भरला, घरी गेले. व्यापाऱ्याचा खटला अजून चालू आहे. आज वकील आजारी, उद्या साक्षीदार गैरहजर, परवा कोर्टाला सुट्टी. तो जामिनावर आहे आणि शीळफाट्याचं दुकान उघडं आहे. खरं बोलणाऱ्याचा निकाल दुपारच्या जेवणाआधी लागतो, शब्द गिळणाऱ्याला मात्र वर्षांमागून वर्षं मिळतात. हे मी सरकारी नोकरीत असताना बोललो नसतो. आता बोलतो.

मागे साक्षीसाठी मीही गेलो होतो. बचावाच्या वकिलाने पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या गृहस्थांची उलटतपासणी घेतली. "माझ्या अशिलाने तुम्हाला 'सोडा' असंच सांगितलं होतं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि प्रयोगशाळेच्या अहवालात सोडाच आला. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझे अशील तुमच्याशी काय खोटं बोलले?"

उजव्या बाजूचं दिसत नसल्यामुळे त्यांना आरोपीकडे बघायला अख्खी मान वळवावी लागली. त्यांनी ती सावकाश वळवली.

"बायकोनं फोन केला तवा डोला गेला नव्हता," ते म्हणाले. "तवा पुरा शब्द सांगाचा होता."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. आरोपी खाली बघत होता.

उभी नोकरी मी खोटं पकडण्यात घालवली आणि त्याचा मला अभिमान होता. या केसने मला शिकवलं की माणसाला आंधळं करायला खोटं लागतच नाही. खरं बोलायचं आणि मध्येच थांबायचं, तेवढं पुरतं. आता कोणी मला गोड आवाजात सांगितलं की मी काही खोटं बोललो नाही, तर मी त्याला एवढंच विचारतो, की मग उरलेला शब्द कुठे आहे? त्या बाईने तो फोनवर मागितला होता, आणि तो त्या व्यापाऱ्याच्या जिभेवर होता.